घामाचा हिशेब

क्रिकेटच्या मैदानावर पाणी पिण्याची सुटी झाली, की राखीव खेळाडू बाटल्या घेऊन धावत येतात. बाटलीतलं पाणी नेहमी पाण्याच्याच रंगाचं असतं असं नाही. कधी ते नारिंगी असतं, कधी पोपटी, कधी निळंसुद्धा. आपण त्याला सरसकट 'एनर्जी ड्रिंक' म्हणतो, पण ते बरोबर नाही. एनर्जी ड्रिंकमध्ये कॅफीनसारखा तरतरी आणणारा पदार्थ असतो. खेळाडूंच्या या पेयात रंग आणि स्वाद बाजूला काढले, तर मुख्य गोष्टी तीनच उरतात : पाणी, साखर आणि मीठ. याला म्हणतात स्पोर्ट्स ड्रिंक.

पाणी, साखर आणि मीठ, यात नवं ते काय, असं तुम्ही विचाराल. आणि ते खरंच आहे. उन्हातून आलेल्या माणसाच्या हातात आपल्याकडे लिंबाचं सरबत देतात आणि त्यात चिमूटभर मीठ घालायला विसरत नाहीत. ताक आहे, पन्हं आहे, कोकणात कोकम आहे. उन्हाळ्यातला रोजा सोडताना खजुरामागोमाग शरबतचा पेला पुढे येतो. 'शरबत' हा शब्दच मुळी अरबीतल्या 'पिणं' या अर्थाच्या धातूवरून आलेला आहे. म्हणजे हे शहाणपण फार जुनं. मग असं काय घडलं, की या साध्या मिश्रणाचा शोध अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या नावावर लागला, त्यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या आणि त्यातून एक अवाढव्य धंदा उभा राहिला? आणि साधारण त्याच वर्षांत, जवळजवळ याच मिश्रणानं आपल्या बंगालच्या सीमेवर हजारो माणसांना मरणाच्या दारातून कसं परत आणलं? या दोन्ही गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून पाहाव्यात, असं मला वाटतं.

सुरुवात मैदानापासून नाही, खाणीपासून करावी लागेल. १९२०च्या दशकात इंग्लंडमधल्या खोल कोळशाच्या खाणींत काम करणाऱ्या मजुरांना एक विचित्र त्रास व्हायचा. खाली उकाडा इतका, की कपडे उतरवून काम करावं लागे. घामानं अंग निथळत असे. मजूर पाणी भरपूर पीत. आणि तरीही, किंबहुना पाणी प्यायल्यानंतरच, त्यांच्या पोटऱ्यांत आणि पोटात असे पेटके येत, की धडधाकट गडी जमिनीवर लोळण घेई. बर्मिंगहॅम विद्यापीठातले नेव्हिल मॉस यांनी या मजुरांच्या घामाचं मोजमाप केलं. त्यांच्याबरोबर जे. एस. हाल्डेन हे थोर शरीरशास्त्रज्ञ होते. पुढे भारतात येऊन इथलं नागरिकत्व घेणाऱ्या आणि १९६४ साली भुवनेश्वरला देह ठेवणाऱ्या जे. बी. एस. हाल्डेन यांचे हे वडील. यांच्या लक्षात आलं, की घामातून नुसतं पाणी जात नाही, मीठही जातं. मजूर पाणी भरून काढतो, मीठ भरून काढत नाही. त्यामुळे रक्तातलं मीठ पातळ होतं आणि पेटके येतात. उपाय अगदी सोपा होता. पाण्यात थोडं मीठ घालून द्या.

दहा वर्षांनी हीच गोष्ट अमेरिकेत दिसली. कोलोरॅडो नदीवर हूवर धरण बांधलं जात होतं. नेवाडाच्या वाळवंटात १९३१चा उन्हाळा मजुरांचे बळी घेऊन गेला. पुढच्या वर्षी हार्वर्ड विद्यापीठाच्या 'फटीग लॅबोरेटरी'तले शास्त्रज्ञ तिथे जाऊन राहिले. फटीग म्हणजे थकवा. थकव्याचा अभ्यास करायला काढलेली ही प्रयोगशाळा १९२७ पासून १९४७ पर्यंत चालली. त्यांनीही मजुरांचा घाम, रक्त आणि लघवी तपासली आणि हाताला लागलं ते पुन्हा मीठच.

आता साखर. १९२४ साली बॉस्टनची मॅरेथॉन संपवून आलेल्या धावपटूंचं रक्त तिथल्या डॉक्टरांनी तपासलं. जे अगदी गळून गेले होते, भ्रमिष्टासारखे बोलत होते, त्यांच्या रक्तातली साखर फार खाली गेलेली आढळली. पुढच्या वर्षीच्या शर्यतीत काही धावपटूंना वाटेत गोड वड्या खायला दिल्या. ते बऱ्या अवस्थेत शर्यत संपवून आले.

म्हणजे पाणी, मीठ आणि साखर या तिन्हींचं महत्त्व १९३५च्या आतच कळून चुकलं होतं. पण ज्ञान छापलं जाणं वेगळं आणि ते मैदानापर्यंत पोहोचणं वेगळं. अमेरिकन फुटबॉलचे प्रशिक्षक त्यानंतरही कित्येक वर्षं एका वेगळ्याच समजुतीला चिकटून राहिले. सरावाच्या वेळी पाणी प्यायलं की पोटात गोळा येतो, पोरं लेचीपेची होतात, ही ती समजूत. पाणी न पिता जो टिकेल तो खरा मर्द. १९५४ साली टेक्सासमधल्या जंक्शन नावाच्या गावी बेअर ब्रायंट या प्रशिक्षकानं घेतलेलं शिबिर अमेरिकेत आजही सांगितलं जातं. दुष्काळी रखरखाट, दिवस दिवस सराव आणि मध्ये पाणी नाही. शंभराच्या आसपास मुलं गेली होती, शेवटी पस्तीसएक उरली. एक जण उष्माघातानं मरता मरता वाचला. आणि हे शिबिर पुष्कळ काळ कौतुकानं सांगितलं जात होतं, हे विशेष. काही ठिकाणी खेळाडूंना मिठाच्या गोळ्या देत, पण त्यांच्यासोबत पुरेसं पाणी मिळालं नाही तर त्या गोळ्यांनी अपायच होई.

आता आपण फ्लोरिडात येऊ. गेन्सव्हिल हे तिथलं विद्यापीठाचं गाव. हवा कोकणासारखी दमट, आणि उन्हाळा सरता सरत नाही. विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचं नाव 'गेटर्स', म्हणजे तिथल्या दलदलीत राहणाऱ्या अलिगेटर जातीच्या मगरी. अमेरिकन फुटबॉल हा आपल्या फुटबॉलसारखा खेळ नाही. डोक्यावर शिरस्त्राण, खांद्यावर आणि छातीवर जाड गाद्या बांधून पोरं एकमेकांच्या अंगावर धावून जातात. त्या दमट हवेत एवढा सरंजाम अंगावर चढवून तीन तास खेळायचं.

१९६५ साली या संघाचे एक सहायक प्रशिक्षक ड्वेन डग्लस यांनी विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांना एक प्रश्न विचारला. डग्लस स्वतः व्यावसायिक फुटबॉल खेळलेले गृहस्थ. त्यांचा प्रश्न चारचौघांत विचारायला जरा संकोच वाटेल असा होता. सामन्याच्या दिवशी माझ्या खेळाडूंना लघवी का होत नाही, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं.

प्रश्न गेला तो नेमका योग्य माणसाकडे. डॉक्टर रॉबर्ट केड हे मूत्रपिंडाच्या विकारांचे तज्ज्ञ. जन्म १९२७चा, टेक्सासचा. १९६१ साली ते गेन्सव्हिलला आले होते. जुन्या स्टुडबेकर मोटारी आणि व्हायोलिनं जमवण्याचा त्यांना नाद होता. त्यांच्यासोबत डॅना शायर्स, अलेहांद्रो दे केसादा आणि जेम्स फ्री हे तरुण डॉक्टर होते. एखाद्यानं 'घाम जातो म्हणून लघवी होत नाही' असं उत्तर देऊन विषय मिटवला असता. ते उत्तर खोटंही ठरलं नसतं. पण केड म्हणाले, किती घाम जातो ते मोजू या. त्यांचं मोठेपण मला या मोजण्यात दिसतं.

मुख्य प्रशिक्षक होते रे ग्रेव्हज. त्यांनी परवानगी दिली, पण एका अटीवर. मुख्य संघातल्या खेळाडूंना हात लावायचा नाही, पहिल्या वर्षाच्या पोरांवर काय ते प्रयोग करा. त्या काळी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघातून खेळता येत नसे. त्यामुळे सुया टोचून घ्यायला आणि घाम मोजून द्यायला ही धाकटी पोरंच पुढे आली. शोधाच्या इतिहासात त्यांची नावं सहसा येत नाहीत, पण जे कळलं ते त्यांच्या अंगातून कळलं.

आणि जे कळलं ते डॉक्टरांनाही चकित करणारं होतं. एका सामन्यात खेळाडूचं वजन अठरा पौंडांपर्यंत, म्हणजे आठेक किलोनं घटू शकत होतं. त्यातला नव्वद टक्क्यांहून अधिक भाग पाण्याचा. घामावाटे सोडियम आणि क्लोराइड जात होतं, म्हणजेच मीठ. शरीरातल्या क्षारांचा तोल बिघडत होता. रक्तातली साखर उतरत होती. रक्ताचं एकूण आकारमानच कमी होत होतं. शरीर उरलंसुरलं पाणी धरून ठेवायला बघत होतं, म्हणून मूत्रपिंडांनी जणू हात आखडता घेतला होता. डग्लस यांना उत्तर मिळालं.

उत्तरावरून औषध ठरलं. जे जातं तेच परत द्यायचं. पाण्यात मीठ घातलं, आतड्यातून ते लवकर शोषलं जावं म्हणून साखर घातली, आणि पहिला घाणा तयार झाला. तो इतका भयंकर लागत होता, की केड यांना स्वतःला तो पोटात ठेवता आला नाही. तेव्हा त्यांच्या पत्नी मेरी केड यांनी सुचवलं, यात लिंबू पिळून बघा. लिंबू पिळलं, चवीसाठी सायक्लामेट हा कृत्रिम गोड पदार्थही घातला, आणि पेय पिण्याजोगं झालं. १९६९ साली अमेरिकेत सायक्लामेटवर बंदी आली तेव्हा तो काढून टाकावा लागला. लिंबाचा स्वाद मात्र राहिला. प्रयोगशाळेनं रसायन सिद्ध केलं आणि स्वयंपाकघरानं त्याला चव दिली, असं म्हणायला हरकत नाही.

१९६५च्या ऑक्टोबरच्या पहिल्या दिवशी सरावाचा सामना होता. एकीकडे पहिल्या वर्षाची पोरं, दुसरीकडे विद्यापीठाचा 'ब' संघ, म्हणजे वयानं आणि अंगानं थोराड गडी. केड यांनी पेय दिलं ते धाकट्यांना. पूर्वार्धात ती पोरं मार खात होती. उत्तरार्धात थोराड संघ दमून गेला आणि धाकट्यांनी पारडं फिरवलं. ग्रेव्हज बाजूला उभे राहून पाहत होते. दुसऱ्या दिवशी लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीशी खरा सामना होता. त्यांनी केड यांना विचारलं, उद्यासाठी एवढं पेय बनवता येईल का? डॉक्टर मंडळी रात्रभर त्याच कामाला लागली. २ ऑक्टोबरला कडक उन्हात फ्लोरिडानं तो सामना १४-७ असा जिंकला.

पेयाचं नाव ठरलं 'गेटोरेड'. आधी त्यातलं शेवटचं अक्षर मदत या अर्थाच्या 'एड' या इंग्रजी शब्दाचं होतं. पण त्यातून औषधाचा वास येतो आणि औषध म्हटलं की चाचण्या, परवाने आले. म्हणून लिंबाच्या सरबताला 'लेमनेड' म्हणतात तसलं सरबतवाचक शेपूट त्याला जोडलं. उच्चार तोच राहिला, पण औषधाचं सरबत झालं. या एका अक्षराच्या फरकाकडे आपल्याला पुढे परत यावं लागणार आहे.

१९६६च्या हंगामात फ्लोरिडाचा संघ उत्तरार्धात जिंकणारा संघ म्हणून ओळखला जाऊ लागला. १९६७च्या जानेवारीत 'ऑरेंज बोल' या मानाच्या सामन्यात त्यांनी जॉर्जिया टेकला २७-१२ असं हरवलं. हरलेल्या संघाचे प्रशिक्षक बॉबी डॉड यांनी पराभवाचं कारण सांगताना, आमच्याकडे गेटोरेड नव्हतं, असं सांगून टाकलं. यापेक्षा मोठी जाहिरात कुठली असणार?

पण इथे जरा थांबायला हवं. सामना जिंकणं हा काही शास्त्रीय पुरावा नव्हे. त्याच संघात स्टीव्ह स्परियर होता, १९६६ साली अमेरिकेतला सर्वोत्तम विद्यार्थी-फुटबॉलपटू म्हणून हाइझमन करंडक मिळवणारा. मग जिंकलं कोण, स्परियर की सरबत? घाम मोजला होता, रक्त तपासलं होतं, तो भाग पक्का होता. 'हे प्या आणि जिंका' हा भाग मात्र पुढे जाहिरातीनं उचलला.

आणि मग सुरू झाला मालकीचा वाद. केड यांनी आधी हे पेय आपल्या विद्यापीठालाच देऊ केलं होतं. विद्यापीठानं रस घेतला नाही. १९६७ साली इंडियानापोलिसच्या स्टोकली-व्हॅन कॅम्प या डबाबंद खाद्यपदार्थांच्या कंपनीनं ते बनवण्याचे हक्क घेतले. शोधकर्त्या मंडळींनी मिळणाऱ्या पैशांसाठी एक न्यास केला. पेय खपू लागलं, पैसा दिसू लागला, आणि विद्यापीठाला आठवण झाली की हे संशोधन आपल्या छपराखाली झालं आहे. खटला उभा राहिला. संशोधनात सरकारी अनुदानाचा पैसा असल्यामुळे केंद्र सरकारही वादात उतरलं. शेवटी समझोता होऊन न्यासाच्या उत्पन्नातला वीस टक्के वाटा विद्यापीठाला मिळाला. १९७३ पासून तो मिळू लागला. केड यांचं २७ नोव्हेंबर २००७ रोजी निधन झालं, तोवर विद्यापीठाच्या पदरात यातून पंधरा कोटी डॉलरहून अधिक रक्कम पडली होती. पेयाची मालकी १९८३ साली क्वेकर ओट्सकडे आणि २००१ साली पेप्सिकोकडे गेली.

विद्यापीठानं तो पैसा संशोधनावर खर्च केला, हे नोंदवायला हवं. तो काही कुणाच्या खिशात गेला नाही. पण सार्वजनिक पैशातून झालेल्या शोधावर हक्क कुणाचा, हा प्रश्न तेव्हापासून अमेरिकेत सतत विचारला गेला. १९८०च्या बे-डोल कायद्यानं असे हक्क विद्यापीठांना आपल्याकडे ठेवण्याची मोकळीक दिली. आज तिथलं प्रत्येक मोठं विद्यापीठ पेटंटांचं वेगळं कार्यालय चालवतं. घामाच्या एका प्रश्नाची गोष्ट कुठवर गेली पाहा.

आता याच कथेचा दुसरा, आपल्याकडचा भाग. आतड्यातून मीठ आणि साखर कशी शोषली जाते, हे कोडं रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञानं १९६० साली प्राग इथल्या परिषदेत उलगडून दाखवलं होतं. आतड्याच्या पेशीत शिरताना सोडियम आणि ग्लुकोज जोडीनं शिरतात. एकाचा हात धरून दुसरा आत जातो, आणि त्यांच्या पाठोपाठ पाणी. म्हणजे साखर इथे गोडीसाठी नाही, ती मिठाला आणि पाण्याला आत नेते.

या ज्ञानाची खरी गरज होती पटकीच्या रोग्याला. पटकी म्हणजे कॉलरा. त्यात एका दिवसात शरीरातून दहा-पंधरा लिटर पाणी निघून जाऊ शकतं. शिरेतून सलाईन दिलं तर माणूस वाचतो, पण खेड्यात सलाईन कुठलं आणि सुई कुठली? कलकत्त्याचे डॉ. हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी १९५३ सालीच तोंडावाटे मीठ-साखरेचं पाणी देऊन रोगी बरे केल्याचं 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं होतं. तिकडे फारसं लक्ष गेलं नाही. १९६८ साली ढाक्याच्या कॉलरा प्रयोगशाळेत डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश या तरुण अमेरिकन डॉक्टरांनी मोजून सिद्ध केलं, की असं पाणी दिलं तर सलाईनची गरज ऐंशी टक्क्यांनी कमी होते.

आणि मग आलं १९७१. पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत पटकीची साथ पसरली. डॉ. दिलीप महालनबीस तिथे पोहोचले तेव्हा रोगी जमिनीवर पडलेले होते आणि सलाईन संपत आलं होतं. त्यांनी एक निर्णय घेतला. कलकत्त्यात मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा मोजून पुड्या बांधल्या, छावणीत पिंपात पाण्यात कालवल्या, आणि ते पाणी रोग्यांच्या नातेवाइकांच्या हाती दिलं. पाजत राहा, एवढंच सांगितलं. आया, बहिणी, म्हातारे बाप पाजत राहिले. छावण्यांत तीस टक्क्यांच्या घरात गेलेलं मृत्यूचं प्रमाण तिथे ३.६ टक्क्यांवर आलं.

या पाण्याला आपण ओआरएस म्हणतो. आपल्या सरकारी दवाखान्यांत त्याला 'जलसंजीवनी' असं सुंदर नाव आहे. १९७८ साली 'लॅन्सेट'नं अग्रलेख लिहून या शोधाचा शतकातला कदाचित सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध असा गौरव केला. बांगलादेशात 'ब्रॅक' या संस्थेच्या स्त्रियांनी १९८० ते १९९० या काळात एक कोटीहून अधिक घरांत जाऊन चिमूटभर मीठ आणि मूठभर गूळ पाण्यात कसा कालवायचा ते शिकवलं. या उपायानं जगभरात पाच कोटींहून अधिक जीव वाचले असा अंदाज आहे. डॉ. महालनबीस १६ ऑक्टोबर २०२२ रोजी गेले. पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. पण त्यांचं नाव आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? बाटलीवरचं नाव मात्र लहान पोरंही सांगतील.

या दोन पाण्यांचं कुळ एक असलं, तरी ती एक नव्हेत, हे घरात लहान मूल असणाऱ्यांनी नीट लक्षात ठेवावं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे एक लिटर जलसंजीवनीत साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतं. नेहमीच्या स्पोर्ट्स ड्रिंकमध्ये लिटरला साधारण साठ ग्रॅम साखर असते, म्हणजे चौपटीहून जास्त. सोडियम मात्र जेमतेम चौथा हिस्सा. खेळाडूला धावायला साखर हवी असते, म्हणून त्याला ते चालतं. जुलाब होणाऱ्या बाळाला ते दिलं, तर जास्तीची साखर आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढतात.

हा फरक बाजारात पुसला जात होता. गोड पेयांच्या खोक्यांवर 'ओआरएस' ही अक्षरं झळकत होती, आणि औषधाच्या दुकानातून आईबाप ती विश्वासानं घेऊन जात होते. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी त्याविरुद्ध कित्येक वर्षं झगडा दिला. अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, सूत्राप्रमाणे नसलेल्या पेयाच्या नावात ही अक्षरं वापरायला मनाई केली. मघाशी मी एका अक्षराच्या फरकाबद्दल बोललो होतो. गेन्सव्हिलला औषधाचं नाव टाळून सरबताचं घेतलं होतं. इथे सरबतानं औषधाचं नाव घेतलं. पहिल्यात निदान फसवणूक नव्हती.

तिकडे खेळाडूंच्या बाबतीतही लंबक दुसऱ्या टोकाला गेला. पाणी पिऊ नका म्हणणाऱ्या प्रशिक्षकांच्या जागी, तहान लागण्याआधीच पीत राहा, असं सांगणारे आले. २००२च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा तेरा टक्के धावपटूंच्या रक्तातलं सोडियम प्रमाणापेक्षा कमी निघालं. मुख्य कारण होतं गरजेपेक्षा जास्त पिणं. त्या शर्यतीत एक तरुणी त्यापायी दगावली. खाणीतल्या मजुरांचा जुना धडा ऐंशी वर्षांनी पुन्हा गिरवावा लागला. तासाभराच्या साध्या व्यायामाला साधं पाणी पुरतं आणि तहान हा बऱ्यापैकी विश्वासू सल्लागार आहे, असं आता पुष्कळ तज्ज्ञ सांगतात. संध्याकाळी अर्धा तास फिरून येणाऱ्याला निळ्या बाटलीची गरज नाही.

मग गरज कुणाला आहे? मध्य अमेरिकेत, एल साल्वाडोर आणि निकाराग्वा या देशांत, ऊस तोडणाऱ्या तरुण मजुरांची मूत्रपिंडं निकामी होत असल्याचं गेल्या काही दशकांत दिसून आलं आहे. ना मधुमेह, ना रक्तदाब. कारणांचा शोध अजून चालू आहे, पण कडक उन्हातली कष्टाची मजुरी आणि शरीरातलं पाणी आटणं यांच्यावर मोठा संशय आहे. तिथे काही ठिकाणी आता उपाय म्हणून तीन गोष्टी देतात : पाणी, विश्रांती आणि सावली. घामाचा अभ्यास मजुरांपासून सुरू झाला, खेळाडूंपाशी येऊन श्रीमंत झाला, आणि फिरून मजुराच्या मूत्रपिंडापाशीच आला आहे.

ऊसतोडीचा कोयता आपल्या महाराष्ट्राला परका नाही. भर उन्हात रस्त्यावर डांबर ओतणारे, वीटभट्टीवर राबणारे, स्लॅबवर घमेली चढवणाऱ्या बाया आपण रोज पाहतो. त्यांना रंगीत बाटली नको आहे. स्वच्छ पाणी, चिमूटभर मीठ, थोडी साखर, आणि ते पिण्यापुरती सुटी हवी आहे. बायांना तर आडोसा नाही म्हणून त्या दिवसभर पाणीच पीत नाहीत. ड्वेन डग्लस यांना आपल्या पोरांबद्दल जो साधा, संकोच वाटणारा प्रश्न पडला, तो या माणसांबद्दल त्यांच्या मुकादमाला, ठेकेदाराला आणि कारखान्याला पडायला हवा. एवढ्यासाठी ना पेटंट लागतं, ना प्रयोगशाळा.